माळा काढून खोली छपरापर्यंत मोकळी करायचीय, मदत हवी आहे

मंडळी, सोलापुरात बाळीवेशीजवळ आमचं जुनं घर आहे, पुढच्या खोलीला फळ्यांचा माळा नि वर दोन्हीकडं उतरता पत्रा, तो माळा काढून खोली उंच करायचीय. मिस्त्री म्हणतो आडव्या तुळया पण कापू, काय होत नाही! अहो पण त्याच तुळयांनी समोरासमोरचे वासे बांधून धरलेत ना, त्या गेल्या की वासे भिंतींना बाहेर ढकलणार, आणि भिंती मातीत बांधलेल्या. नुसत्या फळ्या काढून तुळया उघड्या ठेवल्या तर चालेल का, का तुळयांच्या जागी लोखंडी टाय रॉड (दोन्ही बाजू ओढून धरणाऱ्या सळया) टाकायचे? आई म्हणते मे महिन्यात पत्रा थेट डोक्यावर तापेल, तेही खरंय, पत्र्याखाली तुम्ही काय लावलंत? आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर नुसतं बघायला साधारण किती घेतो?