हक्कसोडपत्र आणि ऋण सोडणे : क्षमेचे आणि आनंदाचे अनुभव

चरई, ठाणे (धाग्याची सुरुवात)

उपवासकाळातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांतल्या, दर बुधवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दहा-बारा स्त्रिया एकीच्या घरी वचनपाठासाठी जमतात. यंदा आम्ही बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय वाचायला घेतला आणि तीन बुधवार झाले तरी त्यातून बाहेर पडू शकलो नाही. भावाला सात वेळा क्षमा करावी काय, असे शिष्य पेत्र विचारतो आणि येशू ‘साताच्या सत्तर वेळा’ असे उत्तर देऊन दोन कर्जदारांचा दाखला सांगतो. एका दासाला राजाचे दहा हजार तलांत देणे असते. एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी आणि एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, म्हणजे ते कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. राजा ते सगळे सोडून देतो. तोच दास बाहेर पडून आपल्या सोबत्याचा गळा शंभर दिनारांसाठी धरतो.

शंभर दिनार ही क्षुल्लक रक्कम, असे आम्ही नेहमी ऐकत आलो. पण आमच्यातल्या एका बाई चार घरी स्वयंपाक करतात. त्या म्हणाल्या, “शंभर दिवसांची मजुरी क्षुल्लक कशी? माझे तीन महिन्यांहून जास्त दिवसांचे पैसे बुडाले तर घर चालणार नाही.” मला त्या क्षणी हा दाखला पहिल्यांदा नीट कळला. येशूने सोबत्याकडचे येणे खोटे ठरवलेले नाही. ते येणे खरे आहे आणि सोडायचे आहे ते हे खरेच येणे.

हे मला इतके लागले, कारण माझेही एक येणे आहे. वडील गेल्यानंतर २००९ मध्ये धाकटा भाऊ नेवाशाहून कागद घेऊन आला आणि शेतीच्या कर्जप्रकरणासाठी बहिणींच्या सह्या लागतात, असे त्याने सांगितले. मी निबंधकाच्या कार्यालयात जाऊन विश्वासाने सही केली. तो कागद हक्कसोडपत्राचा होता, हे मला वर्षभराने कळले. मी अकरा वर्षे त्याच्याशी बोलले नाही. त्या काळात दर रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ या ओळीला माझे ओठ मिटत असत, कारण खोटे बोलण्यापेक्षा गप्प बसणे मला बरे वाटे. मराठी पवित्र शास्त्रातले (बायबलमधले) क्रियापद आणि त्या कागदातले क्रियापद एकच आहे, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले. कागदावर ‘मी माझा हक्क स्वखुशीने सोडत आहे’ असे लिहिले होते आणि त्यात स्वखुशी नव्हती. म्हणजे कायद्याने मी हक्क सोडला होता, पण मनाने मी त्याची एक इंचही जागा सोडलेली नव्हती.

शेवटी मी त्याला पत्र लिहिले. तू मला फसवलेस, मला त्याचे फार दुःख झाले, आणि आता मी तुझ्याकडे काही मागत नाही, एवढ्या तीनच गोष्टी त्यात होत्या. पहिली गोष्ट लिहावी की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला आणि ती लिहिली, कारण अपराधाचे नाव न घेता केलेली क्षमा मला पोकळ वाटली असती. त्याचे उत्तर आले नाही. माझ्यात बदल झाला तो असा, की मला माझी आई परत मिळाली. आईची कोणतीही आठवण निघाली, तिची जात्यावरची गाणी असोत की नाताळात ती करत असलेल्या करंज्या, की मध्ये तो कागद आडवा येत असे. आता तो येत नाही. अंतरीचा आनंद म्हणतात तो माझ्या बाबतीत एवढाच आहे आणि तो मला फार वाटतो.

तुमचे अनुभव लिहावेत. क्षमा जमली नसेल तर तेही लिहावे.

ऐरोली

ताई, तुमचे तीन वाक्यांचे पत्र मी पत्नीला वाचून दाखवले. आमचा थोरला मुलगा २०१६ मध्ये ठाणे-बेलापूर रस्त्यावर टेम्पोच्या धडकेने गेला. तो एकवीस वर्षांचा होता आणि मंडळीच्या भजनांना ढोलकीची साथ करत असे. टेम्पो चालवणारा मुलगा त्याच्याहून फार मोठा नव्हता. मी न्यायालयात साक्ष दिली. काही बांधवांनी मला विचारले, की तुम्ही विश्वासणारे असून साक्ष कशी देता. परंतु क्षमा करणे म्हणजे घडलेले लपवणे असे मला शास्त्रात कुठे दिसले नाही. साक्ष संपल्यावर बाहेरच्या बाकावर त्या मुलाची आई बसलेली होती. मी तिच्यापाशी गेलो आणि “तुमच्या मुलाविषयी माझ्या मनात सूड नाही” असे म्हणालो. त्या वेळी ते पूर्ण खरे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरे उरले नाही. खाडीच्या कडेने चालताना पहिला राखाडी टेम्पो दिसताच माझे हात थरथरू लागले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ‘साताच्या सत्तर वेळा’ म्हणजे चारशे नव्वद निरनिराळे अपराध, असे मी लहानपणापासून समजत होतो. एकाच अपराधाची क्षमा इतक्या वेळा करावी लागेल, असाही त्याचा अर्थ असू शकतो, हे मला आता रोजच्या चालण्यातून कळते. आनंदाविषयी लिहायचे तर पूर्वीचा आनंद परत आलेला नाही. पण तीन वर्षे ज्या भजनांच्या वेळी मी उपासनेतून उठून बाहेर जात असे, ती मी आता बसून ऐकतो आणि दुसरा कोणी ढोलकी वाजवत असला तरी त्याच्या हातांकडे पाहतो.

कळवा

मला एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते, कारण या विषयावर बोलताना ती बहुधा गाळली जाते. माझा नवरा मला मारत असे. मी एका वडीलधाऱ्या धर्मसेवकाकडे गेले, तेव्हा त्यांनी साताच्या सत्तर वेळांचेच वचन वाचून मला घरी परत पाठवले, आणि त्या रात्री मला पुन्हा मार बसला. लूकच्या सतराव्या अध्यायात येशूने म्हटले आहे, की भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव आणि त्याने पश्चात्ताप केला तर त्याला क्षमा कर. दोष दाखवण्याची ती पायरी मला कोणीच सांगितली नव्हती. क्षमा मी एकटी करू शकते, समेटाला मात्र दोघे लागतात आणि दुसऱ्याने आधी हात खाली ठेवावा लागतो. मी मुलीला घेऊन वेगळी राहिले, पोलिसांत तक्रार दिली आणि दोन वर्षांनी, सुरक्षित घरात, दाराला आतून कडी असताना, मला त्याच्यासाठी प्रार्थना करता आली. मी त्याला क्षमा केली आहे आणि मी परत जाणार नाही. या दोन वाक्यांत विरोध आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कृपया माझ्यासारख्या कोणाला सल्ला देऊ नये.

वाशी

माझा अनुभव उलट बाजूचा आहे; मी अपराध करणारा आहे. तुर्भ्याच्या बाजारात एका गाळ्यावर मी हिशेब लिहीत असे. एकदा मालाच्या नोंदीत माझ्या हातून चूक झाली, गोण्या कमी भरल्या, आणि मी संशय एका माथाडी कामगारावर जाऊ दिला. त्यांचे काम त्या गाळ्यावरून गेले. बारा वर्षांनी एका रविवारी प्रवचनात मत्तयाचा पाचवा अध्याय आला: दान वेदीजवळ आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवावे आणि आधी जाऊन समेट करावा. त्या दिवशी मी दानाच्या पेटीत काही टाकले नाही. जुन्या लोकांकडून क्रमांक मिळवला आणि साताऱ्याकडे त्यांच्या गावी फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ऐकलं. आता ठेवा.” एवढेच. त्यांनी मला क्षमा केली नाही आणि तो त्यांचा अधिकार आहे. मी पूर्वीच्या मालकांना खरी हकिकत लेखी कळवली आणि त्याची प्रत गावी पाठवली. झोप लागते; पण माझ्या झोपेची आणि त्यांच्या गेलेल्या कामाची बरोबरी होत नाही.

टेंभी नाका, ठाणे

मी कॅथलिक आहे आणि काही वर्षे नाताळच्या सुमारास स्वयंसेवकांबरोबर ठाण्याच्या कारागृहात जात असे. हे कारागृह जुन्या किल्ल्यात आहे. तिथे मी सिस्टर राणी मारिया या धर्मभगिनीची हकिकत सांगत असे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात बसमधून बाहेर ओढून समंदर सिंह याने त्यांची हत्या केली. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी प्रयत्न केले, २००६ मध्ये तो सुटला आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले गेले, तेव्हा तो त्या सोहळ्याला उपस्थित होता. ही हकिकत ऐकून एका बंदिवानाने मला विचारले, “राखी बांधून घ्यायला त्याने हात कसा पुढे केला असेल?” मी तोवर नेहमी बहिणीच्या धैर्याविषयीच बोललो होतो, त्या हाताचा विचार मी केला नव्हता.

‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे प्रेषित पौलाने बंदिवासातून लिहिले, हे बाहेरच्या प्रवचनात ऐकणे वेगळे आणि बराकीत मोठ्याने वाचणे वेगळे. पहिल्या वर्षी ते वाचताना मला संकोच वाटला. पुढच्या वर्षी तोच बंदिवान ते वाचण्यासाठी स्वतःहून उठला.

घणसोली

मला अजून जमलेले नाही. सख्ख्या मित्राने धंद्यात फसवले, सहा वर्षे झाली. पापनिवेदनाला जातो, तेव्हा त्याचेच नाव निघते. फादर म्हणाले, “क्षमा करण्याची इच्छा नसेल, तर ती इच्छा व्हावी एवढीच प्रार्थना करा.” सध्या तेवढीच करतो.

चरई, ठाणे

कळव्याच्या ताई, तुमचे लिखाण मी बुधवारी सगळ्यांना वाचून दाखवणार आहे. तुमची परवानगी असेल तरच. ऐरोलीचे दादा, तुमच्या थोरल्यासाठी आमच्या घरी त्या दिवशी प्रार्थना होईल.

भावाचा काल फोन आला. पत्राविषयी तो एक शब्द बोलला नाही. आईच्या कबरीवरची फरशी खचली आहे, दुरुस्त करायची आहे आणि दगडावर कोणते वचन घालावे, हे मराठी मला जास्त येते म्हणून मी सांगावे, एवढेच त्याने विचारले. मी दोन दिवस मागून घेतले आहेत.