मदत हवी आहे: हॅलोविनला मुलांसाठी स्लाइम करायचंय, पण ते जमून येत नाही

३१ ऑक्टोबरला आमच्याकडे लेकीची मित्रमंडळी येणार आहेत. वयं तीन ते दहा. चेटकिणी, सांगाडे, वटवाघळं आपापले पोशाख घालून येतील. मी कबूल केलंय ते स्लाइम: हिरवा 'चेटकिणीचा शेंबूड' (नाव लेकीने ठेवलंय, मी नाही), केशरी भोपळा आणि कोळी घातलेलं काळं.

रंगीत तालीम म्हणून पांढरा गम, खायचा सोडा आणि कॉन्टॅक्ट लेन्सचं पाणी घेऊन करून पाहिलं. कितीही ढवळा, पातळ ते पातळच. तळाशी चार गुठळ्या आणि वर फुटलेल्या कढीसारखं पाणी. लेन्सचं पाणी वाढवलं तर आणखीच पातळ झालं.

शिवाय बोरॅक्स (म्हणजे टाकणखार, त्याची पावडर मिळते) वापरावं की नाही यावर जितकी तोंडं तितकी मतं. आणि तीन वर्षांचं जे पिल्लू येणार आहे ते दिसेल ते तोंडात घालतं, त्याला काय द्यावं? अंधारात चमकणारं करता येतं म्हणतात, तेही कुणी केलं असेल तर सांगा. जाणकारांनी मदत करा प्लीज.

उचापती
आधी लेन्सच्या पाण्याच्या बाटलीवरचे घटक वाचा. त्यात 'बोरिक ॲसिड' किंवा 'सोडियम बोरेट' आहे का? नसेल तर अख्खी बाटली ओतलीत तरी काही होणार नाही. नुसतं मिठाचं सलाइन चालत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडवालं तर मुलांच्या आसपासही नको.

गममध्ये पीव्हीए नावाच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्या एकमेकींवरून सरकतात म्हणून गम वाहतो. बोरेट त्या साखळ्यांना मधेमधे टाके घालतं आणि सगळं एकजीव होतं. पण बोरिक ॲसिडचं बोरेट व्हायला द्रावण थोडं अल्कधर्मी लागतं, तेवढ्यासाठी खायचा सोडा. म्हणजे तुमच्या यादीत सोडा आहे, गम आहे, बहुतेक टाके घालणाराच गैरहजर आहे. गमच्या बाटलीवरही पीव्हीए लिहिलंय ना ते बघून घ्या, कांडीवाला गम उपयोगाचा नाही.

माझं माप: अर्धा कप गम, अर्धा लहान चमचा सोडा, एक मोठा चमचा लेन्सचं पाणी. त्यापुढे लागलं तर थेंबाथेंबानेच. भांड्याच्या कडा सुटायला लागल्या की हातात घेऊन मळा. सुरुवातीला हाताला चिकटतंच, तिथे घाई करून आणखी पाणी घालू नका. मळता मळता चिकटपणा जातो. घाई केली की दहा मिनिटांनी ते रबरासारखं होतं आणि ताणलं की तुटतं. तसं झालंच तर कोमट पाण्यात बुडवून पुन्हा मळा, थोडं हँड लोशन लावा, बरंच सुधारतं.

धागाकर्ती
बाटली बघितली. बोरिक नाही, बोरेट नाही, काहीच नाही! म्हणजे मी नुसतं पाणी ढवळत बसले होते. आता बोरॅक्सचं सांगा. एक कप गरम पाण्यात एक लहान चमचा, असं माप सगळीकडे दिसतंय.

निळीशाई
माप बरोबर आहे, स्लाइम हमखास होतं, तरी माझं मत नकोच. हेल्थ कॅनडाने २०१६ मध्ये लोकांना सांगितलं होतं की घरगुती स्लाइम आणि हस्तकलेत बोरिक ॲसिड, बोरॅक्स वापरू नका, कारण त्यांतलं बोरॉन जास्त प्रमाणात शरीरात गेलं तर प्रजननसंस्थेवर परिणाम होऊ शकतो. युरोपच्या खेळण्यांच्या नियमांत चिकट किंवा पातळ खेळण्यातून सुटणाऱ्या बोरॉनला किलोमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. घरच्या वाडग्यात ते कोण मोजणार?

उचापती
काळजी रास्त आहे, पण एक लक्षात घ्या: लेन्सच्या पाण्याच्या स्लाइमला लोक 'बोरॅक्समुक्त' म्हणतात ते अर्धसत्य आहे. बोरेट त्यातही आहे, फक्त खूप कमी आणि आधीच पातळ केलेलं. मी मोठ्या मुलांना लेन्सवालं देतो. पावडर घरात आणत नाही, कारण खरा धोका उघड्या डब्याचा आणि गरम, तीव्र द्रावणात बुडणाऱ्या हातांचा. हाताला चीर किंवा पुरळ असलेल्या मुलाला लेन्सवालंही नको. खेळून झालं की सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, तोवर खाऊच्या ताटल्या बाहेर काढायच्या नाहीत.

प्रयोगवही
पिल्लासाठी इसबगोल! एक कप पाणी, एक लहान चमचा इसबगोल, हिरव्या खायच्या रंगाचे थेंब. भांडं मोठं घ्या, कारण ते फसफसून उतू जातं. मायक्रोवेव्हमध्ये किंवा गॅसवर उकळी आली की थांबवा, ढवळा, पुन्हा उकळा. जितक्या वेळा उकळाल तितकं घट्ट. मग पूर्ण गार होऊ द्या. वरून कोमट वाटलं तरी आत चटका बसण्याइतकं गरम असतं, हे मोठ्यांनीच हात घालून बघायचं. गार झालं की असं लिबलिबीत, थुलथुलीत होतं की 'शेंबूड' नाव त्यालाच शोभेल. भिजवलेला सब्जा मिसळला तर बेडकाची अंडी तयार.

थोडंसं पोटात गेलं तर विषारी नाही, पण मोठा गोळा घशात अडकू शकतो, तेव्हा समोर बसून राहा. त्याच्या वाटीत प्लॅस्टिकचे कोळी, हलणारे डोळे काहीही नको. आणि पाण्यात फुगणारे ते रंगीत जेलमणी कुणाच्याच स्लाइममध्ये घालू नका. गिळले तर पोटात फुगून आतडं अडवतात. हे स्लाइम दोन-तीन दिवसांत टाकून द्या, बुरशी धरतं.

निळीशाई
रंगांबद्दल. पांढऱ्या गममध्ये काळा घातला की राखाडी होतो, आणि खरा काळा करायला इतका खायचा रंग लागतो की मुलांचे तळवे दोन दिवस काळे. पारदर्शक पीव्हीए गम घ्या आणि काळा ॲक्रिलिक रंग थोडासा घाला. रंग कुठलाही असो, लेन्सच्या पाण्याच्या आधी गममध्ये कालवायचा. केशरी, हिरवा, काळा एका टेबलावर मांडलेत तर पंधरा मिनिटांत सगळ्यांचा मिळून एकच चिखली रंग होतो, अनुभव घेऊन बघा :)

चमकणाऱ्यासाठी स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पावडर मिळते. हिरवी सगळ्यात जास्त वेळ चमकते. पारदर्शक गमच हवा, पांढऱ्यात चमक दबून जाते, काळ्यात तर दिसतच नाही. पावडर उडते, म्हणून मुलं यायच्या आधीच तुम्ही कालवून ठेवा. दिवे घालवायच्या आधी स्लाइम काही मिनिटं बल्बखाली धरायला विसरू नका, प्रकाश पिल्याशिवाय ते चमकणार कुठून? 'फ्लुओरेसंट' लिहिलेला रंग वेगळा, त्याला अतिनील दिवा लागतो.

धागाकर्ती
ठरलं. पिल्लाला इसबगोल, बाकीच्यांना घटक वाचून आणलेलं लेन्सचं पाणी, काळं आणि हिरवं वेगवेगळ्या टेबलांवर. केशरी रद्द, लेक रुसली आहे. शेवटचा प्रश्न: सोफ्याला लागलं तर?

उचापती
पांढरं व्हिनेगर. सोड्याच्या मदतीने बोरेटचे जे टाके पडतात ते आम्लाने उसवतात. गोळा असेल तर आधी खरवडून काढा, मग व्हिनेगर आणि कोमट पाणी सारख्या प्रमाणात घेऊन फडक्याने टिपत राहा, घासू नका. आधी मागच्या बाजूला लावून कापडाचा रंग जात नाही ना ते बघा. केसात गेलं तर व्हिनेगर नको, कंडिशनर किंवा तेल लावून हळूहळू ओढून काढा. उरलेलं सिंकमध्ये सोडू नका, नळी तुंबते, कचऱ्यात टाका. आणि पोशाख भाड्याचे असतील तर आधी स्लाइम, मग पोशाख.