तातडीचं! स्टोअररूममधल्या उंदराच्या औषधाचं पाकीट कोणाकडे आहे?

प्रेषक: बाळू
शनिवार, संध्या. ६:४२

मंडळी, घाईत लिहितोय. आमच्या कुत्र्याला, गुंड्याला घेऊन व्हेटकडे बसलोय. दुपारी हॉलवर पडदे उतरवत होतो तेव्हा हा मागे स्टोअररूममध्ये शिरला, मग मागच्या दाराने झुडपात, आणि परत आला तर मिशांना हिरवा चुरा. आत जाऊन बघतो तर भिंतीकडेची ती काळी पेटी चावून उघडलेली. पाऊण तासात दोन उलट्या, डावा डोळा आणि वरचा ओठ सुजून टम्म, उभा केला की मागचे पाय लटपटतात. इथे आल्यापासून एकच विचारतायत, औषध कुठलं? पेटीवर स्टिकर होता तो यानेच खाल्लाय. पाकीट आतच असणार, वरच्या फळीवर जुन्या बॅनरच्या मागे बघा. पिंटू हॉलवर उभाय पण कुलूप लागलंय आणि किल्ली कुंडीखाली नाही. किल्ली कोणाकडे आहे??? फोन कोणीच उचलत नाहीये म्हणून इथे टाकतोय.

प्रेषक: अप्पा
शनिवार, संध्या. ६:५५

बाळू, किल्ली माझ्याकडे नाही हे आधीच स्पष्ट करतो. किल्ली कुंडीखाली ठेवू नये, नेणाऱ्याने वहीत सही करावी हे मी दोन वर्षं सांगतोय. वही पण मीच आणली, तिच्यात आजवर एकच सही आहे आणि ती माझी. दुसरं म्हणजे उंदरांच्या औषधाचं कुठलंही बिल माझ्याकडे आलेलं नाही, तेव्हा ते मंडळाने ठेवलंय असं कोणी धरून चालू नये. आणि बोका प्रकरणानंतर हॉलमध्ये प्राणी आणायचे नाहीत असं ठरलं होतं ना? असो. गुंड्याला लवकर बरं वाटो.

प्रेषक: माई
शनिवार, संध्या. ७:०१

अरे बाळू त्या डॉक्टरांची वाट कसली बघतोस, आधी त्याला कोमट पाण्यात भरपूर मीठ घालून पाज, भडाभडा सगळं बाहेर पडतं, आणि मग वाटीभर दूध दे म्हणजे विष मारलं जातं. आमच्या मोत्याने एकदा असंच काहीतरी खाल्लं होतं तेव्हा ह्यांनी हेच केलं आणि तो पुढे नऊ वर्षं जगला. घाबरू नकोस.

प्रेषक: बेबीताई
शनिवार, संध्या. ७:०६

माई, मोत्या मिठामुळे नाही, मीठ देऊनसुद्धा जगला. बाळू, प्लीज काही पाजू नकोस. मी ११ वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स आहे, उंदराच्या औषधाने आलेले कुत्रे पाहिलेत तसे मालकाने पाजलेल्या मिठाने झटके यायला लागलेले पण पाहिलेत. उलटी होईल न होईल, रक्तात सोडियम चढतं ते वेगळंच. आणि ज्याचे पाय लटपटतायत त्याला घरच्या घरी उलटी करायला लावली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते. तिथे इंजेक्शन देऊन उलटी काढतात, ते त्यांना करू दे.

दुधाचं पण तेच, विष वगैरे काही मारलं जात नाही. उलट ते औषध झिंक फॉस्फाइड असेल तर पोटात अन्न गेल्यावर ऍसिड वाढतं आणि त्या ऍसिडनेच विषारी गॅस तयार होतो. म्हणून तर ते नाव मागतायत. बाळू, उलटीला लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास होता का? गाडीत झाली असेल तर सगळ्या काचा उघड, तो गॅस माणसालाही बाधतो.

पिंटू, पाकीट मिळालं की पुढच्या बाजूचा फोटो नको, तिथे नुसतं उंदराचं चित्र असतं. मागे बारीक अक्षरात सक्रिय घटक आणि टक्केवारी लिहिलेली असते, ती हवी. किल्लीचं भांडण नंतर करा.

प्रेषक: भाऊ
शनिवार, संध्या. ७:१४

हिरवा चुरा म्हणजे रक्त पातळ करणारं साधं औषध, त्याला व्हिटॅमिन के देतात, संपला विषय. आमच्या गोडाऊनला हिरवंच वापरायचे. मला काळजी वेगळीच वाटते. डोळा आणि ओठ सुजलाय, पाय लटपटतायत, हॉलच्या मागे गुडघाभर गवत वाढलंय (ते कापायचं कोणाकडे होतं ते सगळ्यांना माहितीये). हा साप आहे. कुत्रा हुंगायला जातो म्हणून तोंडावरच चावतो. चावल्याची जागा बघून बर्फ लावा, पायाला असेल तर वर घट्ट बांधा.

प्रेषक: अप्पा
शनिवार, संध्या. ७:१९

गवत कापण्याचं काम युवा समितीकडे आहे. मिनिट्स पाहाव्यात.

प्रेषक: बेबीताई
शनिवार, संध्या. ७:२२

भाऊ, रंगावरून काही म्हणजे काही कळत नाही. तो रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते, एकाच हिरव्या वडीत रक्त न गोठू देणारं औषध असू शकतं, मेंदूला सूज आणणारं ब्रोमेथालिन असू शकतं, नाहीतर कॅल्शियम चढवून किडनी घालवणारं. यातल्या पहिल्याला व्हिटॅमिन के लागू पडतं, बाकी दोघांना त्याचा काडीचा उपयोग नाही. ब्रोमेथालिनवर तर उताराच नाही. म्हणून 'संपला विषय' म्हणू नका.

साप असू शकतो, ते तुमचं बरोबर. पण बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ पण नाही. बांधल्याने पाय जातो. चालवायचं नाही, उचलून न्यायचं, तोंडाला सूज असेल तर गळ्यातला पट्टा आधी काढायचा कारण सूज खाली उतरली की तोच फास होतो. बाळू, पट्टा काढलास का?

आणि एक गोष्ट मला पहिल्या मेलपासून खटकतेय. रक्त पातळ करणारं औषध पाऊण तासात असं काही करत नाही. रक्त गोठवणारे घटक शरीरात आधीचे शिल्लक असतात, ते संपेपर्यंत कुत्रा ठणठणीत दिसतो, तीन ते पाच दिवसांनी खोकला, धाप, फिक्या हिरड्या, अंगावर निळे डाग. म्हणजे एकतर औषध दुसरंच आहे, नाहीतर आज दोन गोष्टी एकदम झाल्यात.

प्रेषक: पिंटू
शनिवार, संध्या. ७:२९

मी हॉलवरच आहे. मागच्या दाराच्या वर पन्हाळीखाली गांधीलमाशांचं पोळं आहे, पपईएवढं, मी मागच्या रविवारी इथेच लिहिलं होतं, कोणीही उत्तर दिलं नाही. आता खालची झुडपं तुडवलेली दिसतायत आणि माशा चवताळल्यात, मी लांबून टॉर्च मारतोय. गुंड्या तिथेच गेला असणार. खिडकीतून फळी दिसते पण बॅनरच्या मागचं दिसत नाही. खिडकी फोडू का? आणि गवत युवा समितीकडे असेल तर मशीनची किल्ली पण स्टोअररूममध्येच आहे हे पण मिनिट्समध्ये घ्या.

प्रेषक: अप्पा
शनिवार, संध्या. ७:३१

खिडकी फोडू नये. डिपॉझिट आहे.

प्रेषक: वहिनी
शनिवार, संध्या. ७:३८

सगळ्यांना सॉरी, मी आत्ता मेल बघितली, फोन पर्समध्ये सायलेंटवर होता. किल्ली माझ्याकडे आहे. तीनला वेशभूषेची ट्रंक न्यायला आले होते, दार उघडंच होतं, किल्ली दारालाच लटकत होती, म्हटलं हरवायला नको म्हणून पर्समध्ये टाकली. बाळूने नंतर नुसतं कुलूप दाबून लावलं असणार. निघालेय, दहा मिनिटांत पोचते पिंटू.

आणि औषध मी ठेवलंय, तीन आठवड्यांपूर्वी, कोणाला ओरडायचं असेल तर ओरडा. उंदरांनी दोन शालू कुरतडले, खजिनदारांना दोनदा विचारलं पेस्ट कंट्रोलचं, उत्तर नाही, मग मी स्वतः आणून पेटीत घातलं. पेटी बंद होती, मुलांना उघडणार नाही अशी. कुत्र्याच्या दातांचा विचार नाही केला. बाळू, मला खरंच फार वाईट वाटतंय रे.

प्रेषक: वहिनी
शनिवार, संध्या. ७:५३

मिळालं, फोटो जोडलाय. ब्रोमाडिओलोन ०.००५ टक्के. पेटीत चार वड्या ठेवल्या होत्या, आता दीड शिल्लक आहे.

प्रेषक: बेबीताई
शनिवार, संध्या. ७:५५

वहिनी, थँक्यू. बाळू, हे रक्त न गोठू देणाऱ्यातलं आहे, याला उतारा आहे. वडीचं वजन पाकिटावर असेल ते आणि गुंड्याचं वजन तिथे सांग, त्यावरून हिशोब लावतात. आणि एक विचारायचंय. पेटी तीन आठवडे तिथे आहे, तू त्याला दर शनिवारी आणतोस. गेल्या शनिवारीही तो तिथे गेला होता का? त्या अडीच वड्या आजच खाल्ल्या हे कशावरून?

प्रेषक: बाळू
शनिवार, रात्री ९:४०

आत्ता घरी आलो. गुंड्या आज रात्री तिथेच राहणार आहे.

झालं असं की फोटो दाखवला आणि डॉक्टरीणबाईंचा चेहराच बदलला, म्हणाल्या हे चालेल, यात वेळ हातात असतो. सूज आणि लटपटणं माशांचंच निघालं, ओठाच्या आत दोन आणि कानामागे एक चावा सापडला. कुत्र्याला ऍलर्जी चढली की माणसासारखी आधी पुरळ येईलच असं नाही म्हणे, त्याचं पोट आणि यकृत आधी कावतं, म्हणून उलट्या आणि म्हणून पाय गळाले. त्यांनी त्याचा ओठ वर करून हिरडीवर बोट दाबलं, पांढरा ठिपका पडला आणि गुलाबी व्हायला बराच वेळ लागला, मलाही दाखवलं, दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. तो ठिपका काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाहीये. लगेच इंजेक्शनं, सलाइन, अर्ध्या तासात उभा राहिला. तो नीट सावध झाल्यावरच उलटीचं इंजेक्शन दिलं, हिरवा लगदा पडला, त्यात स्टिकरचा तुकडा पण होता. मग कोळशाचं काळं औषध.

बेबीताई, तुमचा प्रश्न मी तसाच्या तसा विचारला. मागच्या शनिवारी तो मागे होता, काय खाल्लं देव जाणे. त्यांनी रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी आजच केली, नॉर्मल आली. पण ती आधीच्या दिवसांचा पुरावा, आजच्या वडीचा नाही. म्हणून गोळ्या आजपासूनच, चार आठवडे, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन दिवसांनी परत तपासणी. पट्टा तुमची मेल वाचूनच काढला, खाली खोल वळ उमटला होता.

प्रेषक: माई
रविवार, सकाळी ७:१०

देवाची कृपा. बाळू, व्हिटॅमिन के पालेभाज्यांत भरपूर असतं, गोळ्या कशाला, रोज शिजवून दे की.

प्रेषक: भाऊ
रविवार, सकाळी ७:४८

मी रक्त पातळ करणाराच असं काल ७:१४ ला लिहिलं होतं, फक्त नोंद. गोळ्या माणसांच्या दुकानातून आण, एकच असतं.

प्रेषक: बेबीताई
रविवार, सकाळी ८:३०

भाऊ, तुम्ही साप पण लिहिला होता.

माई, भाजीत असतं ते खरं, पण या औषधापुढे ते समुद्रात चमचा. भाऊ, एकच नसतं. याला के१ च लागतं, के३ चा उपयोग होत नाही, आणि दुकानातल्या सप्लिमेंटच्या गोळीत मायक्रोग्रॅम असतात, कुत्र्याला मिलिग्रॅममध्ये द्यावं लागतं. बाळू, गोळी रिकाम्या पोटी नको, थोडं स्निग्ध काही बरोबर दे, नीट शोषली जाते. दुसऱ्या आठवड्यात तो एकदम छान दिसेल आणि तुला वाटेल आता कशाला. बंद करू नकोस, हे औषध यकृतात आठवडेच्या आठवडे दबा धरून बसतं. महिनाभर उड्या, मारामाऱ्या, कडक हाडं चघळणं बंद, आणि दुखलं-खुपलं तर आपल्याकडची पॅरासिटामोल नाहीतर आयबुप्रोफेन अजिबात नाही.

प्रेषक: अप्पा
रविवार, सकाळी ९:०५

गुंड्याचं ऐकून बरं वाटलं. वहिनींनी पेस्ट कंट्रोलबद्दल दोनदा विचारलं असा उल्लेख आहे, त्यापैकी एक मेल मला आढळली, दुसरी आढळली नाही. उरलेली दीड वडी आणि पाकीट सध्या कोणाच्या ताब्यात आहे ते कळवावं. किल्लीसाठी वही हॉलच्या दारातच आहे.

प्रेषक: वहिनी
रविवार, सकाळी ९:२०

वड्या पाकिटासकट डबल पिशवीत बांधून माझ्या गॅरेजमध्ये उंच ठेवल्यात, घातक कचऱ्याच्या दिवशी देणार. दुसरी मेल पुन्हा पाठवतेय. किल्ली पिंटूला दिली आणि वहीत सही केली, अप्पांच्या खालीच.

प्रेषक: पिंटू
रविवार, सकाळी ९:३१

गांधीलमाशांचं काय करायचं ते अजून कोणी सांगितलेलं नाही.