सर्व्हरवर येणाऱ्या रिक्वेस्टची तपासणी कुठे आणि किती करावी?

मांडवीकाठ (प्रश्न)

नमस्कार. पणजीतील ओळखीच्या काही मंडळींच्या होमस्टेसाठी मी बुकिंगचे छोटे ॲप्लिकेशन लिहिले आहे. सर्व्हर नोड आणि एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या साधनांवर चालतो आणि नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये जातात. फॉर्मची सगळी तपासणी आजवर ब्राउझरमधील जावास्क्रिप्टच करत होती. मध्यंतरी कोणीतरी फॉर्म न उघडता थेट रिक्वेस्ट पाठवली आणि पाहुण्यांची संख्या उणे २ असलेले बुकिंग निमूटपणे नोंदले गेले. दुसरा प्रकार अधिक जिव्हारी लागला. ३ डिसेंबरला, म्हणजे जुन्या गोव्याच्या फेस्ताला येणाऱ्या एका कुटुंबाचे बुकिंग उलटून गेलेल्या १२ मार्चवर पडले होते. त्यांनी खात्रीसाठी फोन केला नसता, तर ते दारात उभे राहीपर्यंत आम्हाला पत्ताही लागला नसता. आता तेच नियम सर्व्हरवर पुन्हा लिहायचे, म्हणजे एकच गोष्ट दोन ठिकाणी सांभाळणे आले. मग ब्राउझरमधील तपासणी काढून टाकावी का? आणि डेटाबेसवरही अटी घालणे म्हणजे तिसरी पुनरावृत्ती नव्हे का?

फोंडेकर

ब्राउझरमधील तपासणी राहू द्या, मात्र ती पाहुण्याच्या सोयीसाठी आहे हे लक्षात असू द्या. तुमचा बचाव तिने होत नाही, कारण कर्लसारख्या साधनाने कोणीही हवी तशी रिक्वेस्ट तयार करून पाठवू शकतो.

तारखेचा घोळ कसा झाला असावा, ते सांगतो. तिरक्या रेघांनी लिहिलेली ०३/१२ ही तारीख जावास्क्रिप्टच्या डेट या तारीख वाचणाऱ्या सोयीच्या हाती दिली की ती अमेरिकी पद्धतीने, म्हणजे महिना आधी धरून, वाचली जाते. गंमत अशी की १३/१२ दिल्यास तेराव्या महिन्याअभावी ती अवैध ठरते, त्यामुळे चूक फक्त पहिल्या १२ तारखांना लपून राहते आणि चाचणी त्याच तारखांवर केली असेल तर ती दिसतच नाही. मागची तारीख नाकारण्याचा नियम असता तर हे बुकिंग अडले असते खरे, पण पाहुण्याने ते जानेवारीतच केले असते तर १२ मार्चही पुढचीच तारीख ठरली असती. म्हणून सर्व्हरने वर्ष-महिना-दिवस हा एकच क्रम स्वीकारावा. फॉर्ममधील तारखेचा इनपुट पडद्यावर काहीही दाखवो, सर्व्हरला मूल्य याच क्रमाने पाठवतो.

संख्येच्या बाबतीतही सावध राहा. रिकामी स्ट्रिंग जावास्क्रिप्टमध्ये संख्येत बदलली की ० होते, तेव्हा 'भरलेच नाही' आणि 'शून्य भरले' यांतील फरक रूपांतरापूर्वीच पाहावा लागतो. यूआरएलमध्ये एकच पॅरामीटर दोनदा आला तर एक्सप्रेस तुमच्या हाती एका मूल्याऐवजी ॲरे, म्हणजे मूल्यांची यादी, देते, हेही गृहीत धरा.

पुनरावृत्तीचे म्हणाल, तर दोन्हीकडे जावास्क्रिप्ट असल्याने झॉडसारख्या तपासणीच्या लायब्ररीत स्कीमा, म्हणजे कोणते फील्ड कसे असावे याचे नियम, एकदाच लिहा आणि तीच फाइल दोन्हीकडे वापरा. त्या स्कीमात नसलेले फील्ड पुढे जाऊ देऊ नका, आणि खोलीचे भाडे तर रिक्वेस्टमधून घेऊच नका, ते सर्व्हरनेच काढावे. आलेली फील्ड जशीच्या तशी रेकॉर्डमध्ये ओतण्याच्या सवयीमुळे २०१२ मध्ये खुद्द गिटहबवर एका बाहेरच्या माणसाने स्वतःची की, म्हणजे प्रवेशाची डिजिटल किल्ली, दुसऱ्या प्रकल्पाच्या खात्याला जोडून दाखवली होती.

तिसवाडीचा

फोंडेकर यांच्याशी सहमत आहे, पण कडकपणाच्या भरात नावाच्या फील्डवर रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे कोणती अक्षरे चालतील याचा साचा, लादू नका. केवळ इंग्रजी अक्षरांना परवानगी दिलीत, तर ॲपॉस्ट्रॉफी असलेला डिसोझा अडतो. युनिकोडमधील 'अक्षर' हा वर्ग वापरलात, तर 'पेडणेकर' अडतो, कारण मात्रा त्या वर्गात येत नाहीत, त्या 'चिन्ह' या वेगळ्या वर्गात मोडतात. मी स्वतः हा नियम लिहिला होता आणि 'कमल' हे नाव घालून तो तपासला होता, त्यामुळे निर्धास्त होतो. नाव रिकामे नाही ना आणि त्याची लांबी मर्यादेत आहे ना, एवढेच पाहावे. ते पडद्यावर दाखवताना एस्केप करणे, म्हणजे त्यातील खुणा ब्राउझरने कोड समजू नयेत अशी सोय करणे, हे निराळे काम आहे. परदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते, तेथे नाव पासपोर्टप्रमाणे लागते, हा आणखी एक मुद्दा.

फोंडेकर

मात्रांचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. डेटाबेसच्या प्रश्नाचे उत्तरही देतो. ती पुनरावृत्ती नाही. खोली रिकामी आहे का, हे रिक्वेस्ट कितीही निरखली तरी कळणार नाही, आणि आधी पाहून मग नोंद करायची म्हटले तर त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरे बुकिंग घुसू शकते. पोस्टग्रेसमध्ये खोलीचा क्रमांक आणि मुक्कामाचा कालखंड यांवर एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट, म्हणजे एकमेकांवर चढणारी नोंद नाकारणारी अट, लावा; त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेंशन घ्यावे लागेल. कालखंडाचा शेवटचा दिवस वगळलेला ठेवा, म्हणजे सकाळी सोडलेली खोली त्याच दुपारी दुसऱ्याला देता येईल. रिक्वेस्टची रचनाच चुकीची असेल तर उत्तरात ४०० हा स्टेटस कोड, आणि ती बरोबर असूनही खोली आधीच गेलेली असेल तर ४०९ पाठवा, म्हणजे फॉर्मवर काय दाखवायचे हे कोडवरूनच ठरवता येईल.

मांडवीकाठ

दोघांचेही आभार. स्कीमा सामाईक फाइलमध्ये हलवली असून नावावरचा रेग्युलर एक्स्प्रेशन काढून टाकला आहे. कन्स्ट्रेंट लावताना पोस्टग्रेसने नकार दिला, कारण एकाच खोलीची दोन जुनी बुकिंग एकमेकांवर चढलेली निघाली. आज ज्या ज्या नोंदीत दिवसाचा आकडा १२ किंवा त्याहून कमी आहे, त्या सर्व पाहुण्यांना फोन करून तारीख विचारत आहे.