श्रमदानाच्या नियोजनाचे तास पीएमपी प्रमाणपत्राच्या नूतनीकरणात धरता येतात का?

कोथरूडकर_७४
माझं पीएमपीचं (पीएमआय या संस्थेचं प्रकल्प व्यवस्थापकांसाठीचं प्रमाणपत्र) तीन वर्षांचं चक्र ऑक्टोबरात संपतंय. नूतनीकरणाला ६० पीडीयू (शिकण्याच्या आणि सेवेच्या तासांचे गुण) हवेत, खात्यावर ३९ आहेत: ३१ शिक्षणाचे आणि ८ रोजच्या नोकरीतल्या कामाचे.

यंदा उन्हाळ्यात पुरंदर तालुक्यात आमच्या मूळ गावी पाणी मुरवण्यासाठी उतारावर सलग समतल चर खणायचं काम झालं. गावातल्या एका ट्रस्टचं काम होतं, मी पैसे घेतले नाहीत. शिवारफेरी करून कुठल्या उतारावर आधी खणायचं ते ठरवलं, जेसीबीच्या डिझेलचा हिशेब ठेवला, पुण्याहून येणाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. पाऊस वेळेआधी आला तर कुठले चर सोडायचे, तेही आधीच ठरवून ठेवलं होतं. नऊ शनिवार-रविवार गेले. त्यातले काही दिवस मी स्वतः कुदळ घेऊन खणत होतो. हे सगळं धरता येईल का?

माथेफिरू_नियोजक
येईल, पण सगळं नाही. मी दोन चक्रं पार केली आहेत आणि एकदा माझं ऑडिटही (पीएमआयकडून पुराव्यांची तपासणी) झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक तास म्हणजे एक पीडीयू. पण धरायचे ते प्रकल्प व्यवस्थापनाचे तास. शिवारफेरी, डिझेलचा हिशेब, पाळ्या, पावसाचा विचार हे सगळं धरा. कुदळीचे तास सोडून द्या. ती मेहनत गावाची, पीएमआयची नाही.

आता खरी अडचण. 'गिव्हिंग बॅक' या सेवेच्या आणि कामाच्या गटात जास्तीत जास्त २५ पीडीयू चालतात आणि नोकरीच्या कामाचे तुमचे ८ त्यातच मोजले जातात. म्हणजे जागा उरली १७. नियोजनाचे चाळीस तास झाले असतील तरी १७ च. ३९ आणि १७ मिळून ५६. उरलेले ४ शिक्षणातूनच यायला हवेत, कारण तिथे किमान ३५ लागतात. तुमचे ३१ पीएमआयच्या कौशल्यांच्या त्रिकोणात कसे विभागलेत? तिन्ही बाजूंना किमान ८ हवेत.

ट्रस्टकडून कामाचा पुरावा म्हणून पत्र आजच मागा. माझं ऑडिट झालं तेव्हा ज्या संस्थेसाठी काम केलं होतं तिथले सचिव बदललेले होते. नव्या सचिवांना माझं नावही माहीत नव्हतं. बिचाऱ्यांनी जुन्या बैठकांची वही शोधली, त्यात माझी सही सापडली, तेव्हा पत्र मिळालं. तीन आठवडे जिवाला घोर होता. पत्रात तारखा, तास आणि तुम्ही नेमकं काय सांभाळलंत हे असू द्या. चक्र संपल्यावरही १८ महिने कागद जपा.

डेक्कनची_पोस्ट
यात भर: कंपनीच्या सीएसआरच्या (सामाजिक कामाच्या) दिवशी पगारी वेळेत केलेलं काम यात घालू नका. सेवा विनामोबदला आणि स्वतःच्या मालकाबाहेरच्या संस्थेसाठी हवी. पुढच्या चक्रात पीएमआयच्या पुणे-डेक्कन चॅप्टरमध्ये (स्थानिक शाखेत) एखादी जबाबदारी घेऊन बघा. मी तिथल्या कार्यक्रमांच्या नोंदणीचं काम बघितलंय. पत्रासाठी कुणाच्या मागे लागावं लागलं नाही.

कोथरूडकर_७४
दोघांचे मनापासून आभार. त्रिकोण आत्ताच बघितला. वेज ऑफ वर्किंग १८, पॉवर स्किल्स ९ आणि बिझनेस अ‍ॅक्युमेन फक्त ४. म्हणजे तिथलेच ४ घेतले की दोन्ही प्रश्न एकदम सुटतात, ३५ अधिक २५, बरोबर ६०.

कुदळीचे तास जातायत याचं वाईट वाटत नाही. जूनच्या पहिल्या पावसात वरच्या उतारावरचे चर भरले, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या आत्याला हात धरून वर नेलं होतं. ती बराच वेळ पाण्याकडे बघत बसली होती. ते मला कुठल्याही खात्यावर चढवायचं नाही.

येत्या रविवारी गावी जातोय. पाळ्यांच्या याद्या आणि डिझेलची वही घेऊनच सचिवकाकांकडे बसतो, म्हणजे तास त्यांनाही आठवतील आणि पत्र लेटरहेडवर तिथेच होईल.

माथेफिरू_नियोजक
वहीच्या पानांचे फोटोही काढून ठेवा, त्यांची सही दिसेल असे.