मदत हवी आहे: सकाळी स्मार्टवॉचचा स्लीप स्कोअर (झोपेला १०० पैकी गुण) झाकायचा कसा?

१४ दिवसांची झोपेची वही आखतोय. उठल्या उठल्या, घड्याळ न बघता, ताजेपणाला १ ते १० गुण द्यायचे. स्कोअर रात्री उतरवायचा. मनगटावरचं यंत्र हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं, मेंदूच्या लहरी त्याला कुठून दिसणार? निपचित जागं पडलेलं माणूस त्याच्या हिशेबी बरेचदा झोपलेलंच! तरी ‘६२’ दिसला की ताजातवाना उठलेलाही ‘माझी झोपच कच्ची’ म्हणू लागतो. स्कोअरच्या या ध्यासाला २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही मिळालंय.

अडचण अशी, की वेळ बघताना स्कोअर दिसतोच. नोटिफिकेशन बंद, विजेट काढलं, गजराला साधं घड्याळ, एवढं झालंय. मोजणी चालू ठेवून दुपारपर्यंत फक्त स्कोअर लपवायची युक्ती कुणाकडे आहे का? ॲपमधून लॉगआउट केलं तर रात्रीची नोंद घड्याळात टिकते का?