स्मोकरसाठी लाकूड किती जाड फोडायचं? आंबा आणि बाभूळ, भट्टी लहान

परड्यातला_धूर (कळंबा, कोल्हापूर), नोव्हेंबर

रामराम मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरनं महिनाभर वाद चाललाय, म्हणून इथं टाकतोय.

गेल्या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं आमच्या परड्यातला रायवळ आंबा आडवा झाला. आज्जीनं कोय पुरून आणलेलं झाड. वाईट वाटलं, पण खोडाचे ओंडके पाडून घेतले, भिंतीकडंला रचले आणि पावसाळाभर वरनं खालपर्यंत ताडपत्रीत गुंडाळून ठेवले. शिवाय मेव्हण्यानं शिरोळकडनं बांधावरची बाभूळ टेंपोत घालून पाठवली. ती दिवाळीच्या तोंडावर तोडलेली, म्हणजे ओलीच.

स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर सावकाश शिजवायचं यंत्र, उद्यमनगरात करून घेतलाय. 200 लिटरचं बॅरल आडवं, डाव्या अंगाला 16 इंची पाइपचा तुकडा वेल्ड करून भट्टी, भट्टीची लांबी 18 इंच, दुसऱ्या टोकाला धुराडं. वेल्डरनं विचारलं, "ह्यात काय वाळवणार, मिरच्या?" मी म्हटलं, मटण. त्यानंतर तो माझ्याशी जरा जपूनच बोलला.

पहिला प्रयोग सांगतो. बोकडाची मांडी, सव्वादोन किलो, कांदा-लसूण चटणी चोळून रात्रभर मुरवलेली. व्हिडिओत टेक्सासवाले मांडीएवढी लाकडं सारतात ते बघून मीपण आंब्याचे 5-6 इंच जाडीचे तुकडे घातले. जाळ धरेना. तासाभरात परड्यात असा पांढरा धूर कोंडला की शेजारच्या काकू गच्चीवरचं वाळत घातलेलं धुणं कवळ्यात घेऊन खाली पळाल्या. काटा 90 अंशांच्या वर चढेना. सहा तासांनी मांडी बाहेर काढली तर वरनं डांबर फासल्यागत काळी, आणि जिभेवर ठेवली की निंबोळी चावल्यासारखी. आईनं एक घास खाल्ला, काही बोलली नाही, उठून कुकर काढला.

बायको म्हणते, पाणी तापवायच्या बंबाला घालायचो तसं बारीक फोड. मित्र म्हणतो, बारीक लाकूड भसाभसा जळून जाईल, मग दर पाच मिनिटाला उठबस करत बसशील. नेमकं किती जाड, किती लांब फोडू? बाभूळ आत्ता फोडू की वाळल्यावर? आणि साल ठेवायची की काढायची?

रस्सा_मंडळ

भावा, मटण पातेल्यात आणि लाकूड चुलीत. तांबडा-पांढरा हाताशी असताना सहा तास धूर खायची हौस कुणी सांगितली?

गुऱ्हाळातला_म्हातारा

वहिनींचं बरोबर आहे. तुमच्या मित्राचंही निम्मं बरोबर आहे, त्यावर येतो.

आमच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं, माझं बालपण चुलवाणाच्या तोंडाशी गेलं. चुलवाणात जळण सारणारा माणूस चिपाडाचा भारा कधी एकदम ढकलत नाही. मूठभर सारतो, धुराड्याकडं बघतो, पुन्हा मूठभर. भारा कोंबला की जाळ दबतो, धुराड्यातनं काळे लोट येतात आणि वर काहिलीतला रस उकळायचा थांबतो. मग गुळव्या जी भाषा वापरायचा ती इथं लिहिता येत नाही. तुमच्या भट्टीतही तेच झालंय. ओंडका जळत नव्हता, धुमसत होता. धुमसणाऱ्या लाकडाचा अर्धवट जळालेला धूर गार मटणावर बसतो. तोच तुमचा डांबराचा लेप आणि तीच तुमची निंबोळी.

लाकूड बाहेरच्या अंगानं पेटतं. 6 इंच जाडीच्या गोल ओंडक्याचा घेर धरा 19 इंच. त्याच्या उभ्या चार फाका केल्या की आतली नवी अंगं उघडी पडतात आणि सगळं मिळून 43 इंच होतं. वजन तेच, पण जाळ धरायला जागा दुपटीच्या वर. वाळायलाही तेवढीच जागा, हे विसरू नका.

तुमच्या भट्टीला 12 इंच लांब आणि मनगटाएवढी जाड फाक करा, म्हणजे 2 ते अडीच इंच. भट्टी 18 इंच आहे म्हणून 17 इंचाचं लाकूड कोंबू नका, दोन्ही टोकांना हवा खेळली पाहिजे. आधी अंगठ्याएवढ्या ढलप्या पेटवून चांगला इंगळ पाडा, मग त्यावर एकेक फाक. एक फाक साधारण 25-30 मिनिटं जाते. पुढची फाक भट्टीच्या पत्र्यावर ठेवून तापवायची, तापलेली फाक आत गेल्या गेल्या पेटते. मित्राचं निम्मं बरोबर म्हटलं ते यासाठी, की सगळंच बोटाएवढं फोडलंत तर काटा आत्ता 160 वर, घटकेनं 95 वर. ढलप्या पेटवायला आणि पडलेला जाळ उचलायला, बाकी सगळं मनगट.

आता टेक्सासवाले. माझा मुलगा बघतो ते व्हिडिओ, मीही शेजारी बसतो. त्यातल्या कित्येकांच्या टाक्या हजार गॅलनच्या असतात, म्हणजे 3,800 लिटरच्या आसपास. तुमचं बॅरल 200. त्यांच्या भट्टीत मांडीएवढं लाकूड म्हणजे तुमच्यात मनगटच.

हवेचं झाकण बंद करून उष्णता कमी करू नका. जाळ लहान ठेवा, हवा मोकळी ठेवा. धूर दिसतोय की नाही असा निळसर पाहिजे. पांढराशुभ्र ढग आला की समजा काहीतरी धुमसतंय.

ताडपत्रीचं वाचून कपाळावर हात मारला. वरनं खालपर्यंत गुंडाळलं तर लाकडाची वाफ आतच राहते. फक्त डोक्यावर झाकण पाहिजे, बाजू उघड्या. एक ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या अंगाला गाल लावून बघा. गार लागला तर ओल आहे.

परड्यातला_धूर

काका, आत्ता उठून फोडला आणि गाल लावला. माठाला लावल्यागत गार. सालीखाली पांढरी बुरशीपण धरलीय. बायको खिडकीतनं बघत होती, तिला वाटलं मी झाडाला निरोप देतोय.

गुऱ्हाळातला_म्हातारा

मग संक्रांतीपर्यंत मटण विसरा. सगळा आंबा मनगटाएवढा फोडून, विटांवर जमिनीपासनं उचलून, आडवा-उभा रचा. भिंतीला चिकटवू नका, वारं जाईल एवढी फट ठेवा. त्यातली एक फाक खुणेची करा, तारीख घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. दर पंधरा दिवसांनी तीच फाक पुन्हा. वजन उतरायचं थांबलं की वाळली. ओल 20 टक्क्यांच्या खाली पाहिजे म्हणतात, त्याचं यंत्रही मिळतं, पण काटा घरात आहे तर तोच वापरा. दोन फाका एकमेकींवर वाजवल्या तर वाळलेल्या टण्ण वाजतात, ओल्या बद्द.

बाभूळ मात्र आजच फोडा. बैलगाडीच्या चाकाची तुंबी त्याच लाकडाची करायचे, यावरनं ओळखा. वाळली की कुऱ्हाड उडते आणि मनगटं आखडतात. ओली असताना पाचर आणि घण लावला की मुकाट्यानं उलते. ओंडक्याच्या तोंडावर बारीक चिरा असतात, पाचर त्या चिरेत ठेवायची, मधोमध नाही, कडेकडनं सोलत यायचं. वाळायला तिला आंब्यापेक्षा जास्त दिवस लागतील. पाडव्यानंतर बघा आणि मिरगाच्या आधी छपराखाली घ्या.

साल काढा. सालीत माती, किडे आणि ओल, आणि ती आधी धुमसते. बाभळीची साल तर आपल्याकडं हिरड्याबरोबर कोल्हापुरी चपलेचं कातडं कमवायला वापरतात. तुम्हाला मांडी शिजवायचीय, कमवायची नाही.

गडहिंग्लजची_चूल

काकांनी सगळं सांगितलं, मी दोनच गोष्टी सांगतो. आमच्यात अजून रोज चूल पेटते आणि लाकूड मीच फोडतो.

एक, मोटारीचं जुनं टायर घ्या, जमिनीवर आडवं ठेवा आणि ओंडका त्याच्या पोकळीत उभा करा. फाका उडून नडगीवर येत नाहीत, फोडून झालं तरी सगळ्या उभ्याच राहतात, वाकून गोळा करायला नकोत. चपला घालून फोडू नका, बूट घाला. माझ्या डाव्या अंगठ्याला नख नाही ते उगाच नाही.

दुसरं, जिथं फांदी फुटली होती तिथल्या गाठीशी भांडू नका. गाठ दिसली की ओंडका बाजूला टाका. सकाळभर घाम गाळून एक वेडीवाकडी फाक निघते आणि ती भट्टीत नीट बसतही नाही. त्या बंबाला द्या.

पुणेरी_भट्टी

@गडहिंग्लजची_चूल दादा, टायरची युक्ती भारी! माझा एक प्रश्न. आमच्या इकडे रानात वेडी बाभूळ भरपूर आहे. ती चालेल का?

गडहिंग्लजची_चूल

दादा नाही ओ, ताई. आमच्यात बायका "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. पुण्यात माझी नणंद आहे, तिचे शेजारी अजून दचकतात.

गुऱ्हाळातला_म्हातारा

वेडी बाभूळ चालेल. टेक्सासवाले ज्याला मेस्किट म्हणतात त्याचीच ती भावकी. जाळ कडक, धूर उग्र, त्यामुळं चिकनसारख्या झटपट होणाऱ्याला बरी. सहा तासांच्या मांडीला तीच ती वापरली तर चव जड होते. पेरू, जांभूळ मिळालं तर सोडू नका. निलगिरीला तेलाचा वास, ती नको. कण्हेर विषारी, ती कुठल्याच जाळात नको. आणि डोंगरातनं कुणी मोळी आणली तर तिच्यात बिब्बा नाही ना एवढं विचारा. त्याच्या धुरानं तोंड सुजतं.

रस्सा_मंडळ

तोंड सुजलं तर रस्सा कसा प्यायचा? म्हणून म्हणतो, पातेलं.

परड्यातला_धूर, मार्च

मंडळी, परत आलो. धुळवडीला केली मांडी.

आधी वजनाचा हिशेब, काकांनी मागितला नव्हता तरी देतो, कारण फ्रिजच्या दारावर तीन महिने लिहीत होतो. खुणेची फाक पहिल्या दिवशी 1,310 ग्रॅम. महिन्यानं 1,040. दोन महिन्यांनी 935. पुढच्या दोन मापांत 920 आणि 918, तिथं थांबली. म्हणजे जवळजवळ 400 ग्रॅम पाणी एका फाकेत होतं आणि मी ते मटणाखाली जाळायला निघालो होतो. आई म्हणाली, "घरातल्या पोरांची वजनं कधी एवढी केली नाहीस."

बाभूळ त्याच आठवड्यात फोडली. टायर लक्ष्मीपुरीतनं फुकट मिळालं. पहिल्या दिवशी घण पाचरीवर कमी आणि टायरवर जास्त बसला, टायरवर बसला की तो उसळून परत अंगावर येतो, ताईंनी हे सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासनं चिरा वाचता येऊ लागल्या. बाभळीची फाक सुटताना टाळी दिल्यागत आवाज येतो, आतला गाभा तांबूस, चकचकीत. अजून ती ओलीच आहे, पाडव्यानंतर बघू.

मांडी फक्त आंब्यावर केली. सकाळी सातला ढलप्या पेटवल्या, साडेआठला मांडी आत. दर अर्ध्या तासाला एक फाक, पुढची पत्र्यावर तापत ठेवलेली. काटा 115 ते 130 मध्येच फिरला. दोनदा घसरला, दोन्ही वेळा मी फोनवर होतो. दोन-दोन ढलप्या सारल्या, उचलला. धूर इतका कमी की मला शंका आली, धुराड्यावर हात धरून बघितलं आणि पोळून घेतला. काकूंचं धुणं गच्चीवरच होतं.

अडीचला काढली. हाड हातानं फिरवलं तर सुटून आलं. कडू अजिबात नाही. भट्टीकडची बाजू मात्र वाळून कडक झाली, सुपारीगत. मध्ये आडवा पत्रा टाकायचा की मांडी फिरवत राहायचं, हे कुणी सांगेल का? उद्यमनगरात पत्र्याचं विचारायला गेलो तर वेल्डरनंच उलट विचारलं, बॅरल कितीला घेतलं होतं म्हणून.

आणि गाठीचे अकरा ओंडके बाजूला पडलेत, आंब्याचे आठ, बाभळीचे तीन. आमचा बंब कधीच मोडीत गेला. कुणाकडं चालू असेल तर कळंब्याला येऊन घेऊन जा.

गुऱ्हाळातला_म्हातारा

पत्रा टाका, पण भट्टीच्या तोंडासमोर तिरपा, धूर आधी खाली वळेल असा. आणि मांडीचं जाड अंग भट्टीकडं ठेवा, नळीकडचं धुराड्याकडं.

रस्सा_मंडळ

बंब आमच्यात चालू आहे. रविवारी टेंपो घेऊन येतो. मांडीपण असंल तर आधी सांगा, सकाळी काही खाऊन येणार नाही.